नाकारलेल्यांची मोजदाद

जुलै २०२५च्या अखेरीस राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेविषयी एक आकडा जाहीर केला. सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे आढळले होते आणि त्यांचे पैसे जूनपासून तात्पुरते थांबवले होते. कुणी दुसऱ्याही योजनेचा लाभ घेत होते, कुठे एका घरातून दोनहून अधिक अर्ज होते, काही अर्ज तर चक्क पुरुषांचे होते. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा होऊन जे पात्र ठरतील त्यांचे पैसे पुन्हा सुरू होतील, असेही त्याच निवेदनात होते. चर्चा झाली ती आकड्याची. बहीण म्हणून अर्ज करणाऱ्या भावांवर विनोदही पुष्कळ झाले. शहानिशेच्या वाक्याकडे फारसे कुणी पाहिले नाही.

त्या निवेदनात आणखी एक आकडा असू शकला असता. अर्ज केला, पात्रही होत्या, तरी नाकारल्या गेल्या अशा बायका किती? हा प्रश्न एका मंत्र्याला किंवा एका योजनेला उद्देशून नाही. रेशनकार्ड, घरकुल, निराधार अनुदान, कुठल्याही योजनेत ‘बोगस लाभार्थी’ किती सापडले हे उत्साहाने सांगितले जाते. नाकारलेल्यांत खरे गरजू किती होते, हे सांगण्याची रीत आपल्याकडे नाही. हा लेख त्या न मोजलेल्या आकड्याविषयी आहे. तो मोजता येतो का, कुणी मोजला आहे का, आणि मोजणाऱ्यांचे पुढे काय झाले, एवढेच पाहायचे आहे.

गरजूंना निवडून मदत द्यायची म्हटले की चूक दोन तऱ्हांनी होते. जो पात्र नाही त्याला मिळते, किंवा जो पात्र आहे त्याला मिळत नाही. १९९३मध्ये कॉर्निया आणि फ्रान्सिस स्ट्यूअर्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अन्नविषयक योजनांचा अभ्यास करताना या दोन चुका वेगळ्या काढल्या आणि दाखवून दिले की एक आवळायला गेले की दुसरी सैल होते. हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. लग्नाच्या पंगतीत आगंतुक जेवू नये म्हणून दारात यादी घेऊन माणूस बसवला, तर मुलीकडचे दोन म्हातारे पाहुणे हमखास उपाशी परततात. परंतु सरकारी खात्याला या दोन चुका सारख्या दिसत नाहीत. पहिलीत तिजोरीतून पैसा गेलेला असतो, त्याची नोंद असते, लेखापरीक्षक विचारतो. दुसरीत काहीच गेलेले नसते. उलट वाचलेले असते.

दोन्ही चुका नियमाने, नमुना काढून, वर्षानुवर्षे मोजण्याचा सर्वांत मोठा प्रयोग माझ्या माहितीत अमेरिकेतला आहे. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. मिळतील ते अहवाल वाचत या विषयात शिरलो. तिकडच्या ‘क्वालिटी कंट्रोल’ नावाच्या रुक्ष व्यवस्थेने मला जितके शिकवले तितके इकडच्या कुठल्याही समितीच्या अहवालाने शिकवलेले नाही.

ही व्यवस्था जन्मली संशयातून. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एकट्या आयांना मुलांसाठी मिळणाऱ्या रोख मदतीवर मोठा गदारोळ चालू होता. राजधानी वॉशिंग्टनच्या खर्चावर देखरेख करणारे सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने शहरातल्या काही कुटुंबांची कसून चौकशी झाली आणि त्यांतली निम्म्याहून अधिक अपात्र ठरवली गेली. मग देशभर नमुना पाहणी करण्यात आली. तिच्यात अपात्रांचे प्रमाण त्याच्या जवळपासही नव्हते. पण संशय रुजला होता आणि १९६४पासून नमुना तपासणी कायमची झाली. १९७३मध्ये केंद्राने तिला पैशाची जोड दिली: अपात्र कुटुंबे ३ टक्क्यांहून आणि जादा रक्कम मिळालेली कुटुंबे ५ टक्क्यांहून अधिक निघाली, तर त्यापुढचा भार राज्याने सोसायचा. हे आकडे कशाच्या आधारावर ठरवले, याचे उत्तर सरकारला न्यायालयात देता आले नाही आणि १९७६मध्ये ते रद्द झाले. कमी रक्कम मिळालेल्यांसाठी किंवा नाकारलेल्यांसाठी मात्र अशी दंडाची रेषा आखलेलीच नव्हती.

एव्हलिन ब्रॉडकिन या अभ्यासिकेने मॅसॅच्युसेट्स राज्यात या तपासणीचा परिणाम पाहिला. तिचे पुस्तक १९८६चे आहे. मदत कार्यालयातल्या कारकुनाला दंडाच्या भीतीने काय शिकवले, हे तिने मांडले: आणखी एक कागद मागायला. कागद आला नाही तर प्रकरण बंद. बंद प्रकरणात चूक निघत नाही. आपल्या तहसील कार्यालयात ‘त्रुटी काढणे’ असा जो वाक्प्रचार आहे, त्याचे याहून नेमके वर्णन मी वाचलेले नाही. तिथल्या कारकुनाच्या मनात दुष्टावा होता असे ब्रॉडकिन म्हणत नाही. त्याच्या वरिष्ठाला ज्या चुकीचा हिशेब द्यावा लागत होता, ती चूक तो टाळत होता.

आज ही तपासणी मुख्यतः अन्नमदतीच्या योजनेत जिवंत आहे. १९६४च्या कायद्याने आलेली ‘फूड स्टँप’ योजना २००८पासून ‘स्नॅप’ म्हणून ओळखली जाते. २०२४मध्ये चार कोटींहून अधिक माणसे तिच्यावर अवलंबून होती. २०२४मध्ये माणशी सरासरी मदत महिन्याला सुमारे १८७ डॉलर होती. मदतीचा पैसा केंद्राचा, पात्रता ठरवण्याचे काम राज्यांचे. त्यामुळे केंद्राला राज्यांवर नजर ठेवावी लागते.

ती नजर कशी ठेवली जाते, हे जरा बारकाईने पाहू. प्रत्येक राज्य दर महिन्याला आपल्या लाभार्थ्यांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी काही नावे काढते. देशभर मिळून वर्षाला अशी सुमारे पन्नास हजार प्रकरणे होतात. ज्याने मूळ निर्णय दिला त्याच्याकडे ती जात नाहीत. वेगळा तपासनीस ती उचलतो. तो कागद पाहतो, कुटुंबाशी बोलतो, मालकाकडे पगाराची आणि घरमालकाकडे भाड्याची खात्री करतो आणि त्या महिन्यात या घराला किती मिळायला हवे होते याचा हिशेब नव्याने मांडतो. मग राज्याने तपासलेल्यांतली काही प्रकरणे केंद्राची माणसे पुन्हा तपासतात. दोघांत फरक पडला तर त्या फरकावरून राज्याचा आकडा दुरुस्त होतो.

हिशेबाची एक गोष्ट मला विशेष वाटते. समजा, एका घराला १२० डॉलर जास्त मिळाले आणि दुसऱ्याला ८० डॉलर कमी. सरकारच्या तिजोरीतून जादा गेले ४० डॉलर. पण या तपासणीत चूक धरली जाते २०० डॉलरची. एकाला जास्त गेले म्हणून दुसऱ्याचे कमी झालेले भरून निघत नाही, हे इथे मान्य केलेले आहे. गरिबाला कमी देणे ही चूक आहे, असे सरकारी सूत्रात लिहिलेले सापडणे ही लहान गोष्ट नाही.

आता त्या सूत्राची दुसरी बाजू. किरकोळ रकमेची चूक धरायची नाही, अशी एक मर्यादा असते. २००९पासून ती ५० डॉलर होती. २०१४च्या कायद्याने ती ३७ वर आणली आणि महागाईप्रमाणे वाढत जाईल असे ठरवले. म्हणजे काल ४५ डॉलरची चूक दिसत नव्हती, आज दिसू लागली. कारकून तोच, कुटुंब तेच. चुकांचा दर वाढला की कमी झाला हे सांगणाऱ्याने आधी मर्यादा कितीची होती हे सांगावे. आणि हा दर म्हणजे लबाडीचा दर नव्हे. यातल्या बहुतेक चुका कारकुनाच्या बेरजेच्या नाहीतर कुटुंबाच्या विसराळूपणाच्या असतात. मुलाला मधल्या महिन्यात जास्त तास काम मिळाले, ते कळवायचे राहून गेले, इतकेच.

कमावत्या गरिबांचे उत्पन्न असे महिन्याला हलते, म्हणून त्यांच्याच प्रकरणांत चुका जास्त. १९९०च्या दशकात दंडाचा धाक वाढल्यावर अनेक राज्यांनी उपाय शोधला: कमावत्या कुटुंबांची पात्रता दर तीन महिन्यांनी नव्याने तपासायची. दर तीन महिन्यांनी कामावर खाडा करून कार्यालयात जायचे आणि सगळे कागद पुन्हा द्यायचे. नादेर कब्बानी आणि पार्क वाइल्ड यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे दोन परिणाम दाखवले. चुकांचा दर उतरला, आणि योजनेतल्या माणसांची संख्याही उतरली. पहिला परिणाम राज्याच्या प्रगतिपुस्तकात गुण म्हणून चढला. दुसरा कुठेच चढला नाही, कारण तिसऱ्या खेपेला खाडा न परवडल्याने घरी राहिलेली बाई यादीत नसते, आणि जी यादीत नाही तिची चिठ्ठी निघत नाही.

अमेरिकेत नाकारलेल्यांकडे कुणी पाहत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. अर्ज फेटाळलेल्या आणि मदत बंद केलेल्या प्रकरणांचाही वेगळा नमुना काढतात. निर्णय बरोबर होता का, नोटीस नीट दिली का, कारण कळेल असे लिहिले होते का, हे त्यात तपासतात. कागदावर ही व्यवस्था पूर्ण आहे. फरक आहे तो परिणामात. जास्त-कमी रकमेचा दर सलग दोन वर्षे राष्ट्रीय सरासरीच्या १०५ टक्क्यांवर गेला तर राज्याला दंड होतो. चुकीच्या नकाराला असा दंड नाही. २००२च्या कायद्याने चांगले काम करणाऱ्या राज्यांना वर्षाला ४ कोटी ८० लाख डॉलरची बक्षिसे ठेवली होती. त्यांतली निम्मी रक्कम देयकाच्या अचूकतेसाठी, आणि नकार अचूक असावेत म्हणून ६० लाख, म्हणजे आठवा हिस्सा. २०१८च्या कायद्याने सगळीच बक्षिसे बंद केली. दंड राहिला, तोही एकाच बाजूच्या चुकीला.

जिथे दंड, तिथे पळवाट. २०१३ साली देशाचा चुकांचा दर ३.२० टक्के, पुढच्या वर्षी ३.६६ टक्के नोंदला गेला, आणि हे यश म्हणून मिरवले गेले. २०१५मध्ये कृषी खात्याच्या महानिरीक्षकांनी काही राज्यांचे दप्तर उघडले. तेव्हा दिसले की राज्यांचे तपासनीस चूक सापडली की ती ‘मिटवण्यासाठी’ बसत होते. चूक असलेल्या प्रकरणावर समिती बसवून ती नाहीशी होईल असा कागद शोधायचा, लाभार्थ्याला सोयीचे उत्तर सुचेल असा प्रश्न विचारायचा, फारच अडचण असेल तर ‘तपासणी अपूर्ण’ म्हणून प्रकरण नमुन्यातूनच वगळायचे. चूक नसलेल्या प्रकरणांवर एवढी मेहनत कुणी घेत नव्हते. काही राज्यांनी या कलेसाठी खासगी सल्लागार नेमले होते. परिणामी २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांचा राष्ट्रीय दर जाहीरच झाला नाही. २०१७मध्ये व्हर्जिनिया आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी प्रत्येकी सुमारे ७० लाख डॉलर आणि अलास्काने सुमारे २५ लाख डॉलर भरून केंद्राशी तडजोड केली. फ्लॉरिडाला त्याहून बरेच जास्त भरावे लागले. झाडाझडतीनंतरचा पहिला दर, २०१७चा, ६.३० टक्के निघाला. चार वर्षांत कारकून दुप्पट बेफिकीर झाले असे मानायला मी तयार नाही. तराजूखाली लावलेले मेण खरवडले गेले.

करोनाच्या काळात तपासणी काही महिने स्थगित होती आणि दोन वर्षांचे दर निघाले नाहीत. ती पुन्हा सुरू झाल्यानंतर २०२३चा दर ११.६८ टक्के आला. त्यात जास्त दिल्याचा हिस्सा १०.०३, कमी दिल्याचा १.६४. पुढच्या वर्षी एकूण दर १०.९३ झाला. २०२५च्या जुलैत तिकडे झालेल्या कायद्याने या आकड्याला पूर्वी कधी नव्हते एवढे वजन दिले आहे. आर्थिक वर्ष २०२८पासून राज्याचा दर ६ टक्क्यांच्या आत असेल तर मदतीचा सगळा पैसा केंद्राचाच. ६ ते ८ असेल तर ५ टक्के राज्याचे. ८ ते १० असेल तर १० टक्के. १० आणि त्यावर १५ टक्के. मोठ्या राज्यासाठी यातली एकेक पायरी कोट्यवधी डॉलरची आहे. कब्बानी-वाइल्ड यांचा अभ्यास वाचलेल्याला पुढे काय होईल हे ज्योतिषाला विचारावे लागणार नाही.

एवढे वाचून कुणाला वाटेल की आपल्याकडे अशी तपासणी नाही तेच बरे. मला तसे वाटत नाही. तिथली तपासणी लबाड झाली ते पकडले गेले, कारण तपासणीवर तपासणी होती आणि नमुना चिठ्ठीने काढलेला होता. आपल्याकडे होते ती ‘मोहीम’. मोहिमेत नमुना नसतो. संपूर्ण यादी संगणकात टाकतात, दुसऱ्या यादीशी ताडून पाहतात आणि जुळत नाही ते खोडतात. तेलंगणात २०१४नंतरच्या दोन वर्षांत सुमारे १९ लाख रेशनकार्डे अशी रद्द झाली, घरी कुणी न जाता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२२च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितले. कार्ड रद्द झाल्याला तोवर सहा वर्षे उलटली होती.

झारखंडमध्ये २०१६ ते २०१८ या काळात रद्द झालेल्या कार्डांचा शोध कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी घेतला. दहा जिल्ह्यांतल्या रद्द कार्डांचे पत्ते घेऊन माणसे दारोदार पाठवली. सुमारे ९० टक्के कुटुंबे खरी निघाली. घर होते, माणसे होती, चूल होती. त्यांतली किती नियमाने पात्र होती हा पुढचा प्रश्न, पण ‘बोगस’ हा शब्द त्यांना लागू नव्हता. याच काळात सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी मेली. घरचे म्हणाले, आधार जोडले नाही म्हणून कार्ड गेले, धान्य बंद झाले, पोर भुकेने गेली. सरकार म्हणाले, मलेरियाने. हा वाद मिटला नाही. पण कार्ड रद्द करण्याचा निर्णय बरोबर होता का, हे तिच्या मृत्यूआधी तपासण्याची कुठली सोय होती का, या प्रश्नात वादाला जागा नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मधुरा स्वामिनाथन आणि नीता मिश्रा यांनी २००१मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त राज्यातल्या एका गावाच्या रेशनचा अभ्यास मांडला होता. १९९७मध्ये सर्वांसाठीचे रेशन जाऊन ‘लक्ष्याधारित’ रेशन आले. त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे तेच गाव त्यांनी पाहिले. अपात्रांना मिळण्याची चूक घटली, पात्रांना न मिळण्याची वाढली. एका गावाचा अभ्यास, पण दोन्ही चुका एकाच वहीत शेजारी-शेजारी मांडलेल्या. असे आपल्याकडे क्वचित घडते.

तपासणी कडक हवी म्हणताना आणखी एक पेच विसरून चालत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. आमच्या गल्लीतल्या दोन विधवांचे अर्ज मी भरून दिले आहेत. एक भाजी विकते, दुसरी चार घरची धुणीभांडी करते. २१ हजारांत कुटुंब चालते असे दाखला मागणारा, देणारा आणि लावणारा, तिघांपैकी कुणीही मानत नाही. तरी दाखला मिळतो, म्हणून योजना चालते. उद्या अमेरिकी पद्धतीचा प्रामाणिक तपासनीस गल्लीत आला आणि त्याने भाजीच्या पाटीचा हिशेब मांडला, तर दोघीही ‘चूक’ म्हणून नोंदल्या जातील. नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. निर्णय नियमाला धरून आहे का एवढेच ही तपासणी सांगते. नियमाची रेषा शहाण्या जागी ओढली आहे का, हे तिला विचारून उपयोग नाही.

तरीही नाकारलेल्यांचा नमुना काढायचा ठरवला तर आपल्याकडे पहिली अडचण यादीची येईल. खिडकीवरूनच ‘दाखला आणा मग या’ म्हणून परत गेलेली बाई कुठल्याच नोंदवहीत नसते. तिचा अर्ज नामंजूर झालेला नाही, तो झालाच नाही. स्नॅपच्या नियमांत अर्ज त्याच दिवशी, अपुरा असला तरी, दाखल करून घ्यावा लागतो आणि साधारण ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. आपल्याकडे २०१५चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्जाची पोच द्यायची, मुदतीत काम करायचे आणि नाकारले तर कारण लेखी द्यायचे, असे तो सांगतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या २८व्या कलमात सामाजिक अंकेक्षणही आहे; ग्रामसभेत यादी वाचायची आणि हरकती घ्यायच्या. पण वाचली जाते ती ज्यांना मिळते त्यांची यादी. नामंजूर अर्जांचे कागद लेखी कारणांसह कार्यालयात असतात. त्यांतून जिल्ह्यामागे दोनशे चिठ्ठ्या काढायच्या, मूळ निर्णयाशी संबंध नसलेल्या माणसाने त्या दोनशे घरी जायचे, आणि अर्ज नाकारला त्या दिवशी घरात किती माणसे होती व कमाई किती होती एवढेच विचारून लेखी कारणाशेजारी लिहायचे. छत्तीस जिल्ह्यांत मिळून सात हजार दोनशे घरे होतात.